सासऱ्यांचा वस्तरा आणि वारज्याची गार

सासऱ्यांचा वस्तऱ्याला धार लावायचा दगड माझ्या हातून फुटला, तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेला, आता वर्ष तरी लागेल असं फोनवर सांगत होता. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे वारज्यातल्या त्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो. मी यवतमाळहून पुण्यात नोकरीला आलेली, हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. आणि ते, खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये सगळी नोकरी करून निवृत्त झालेले.

आमचं भांडण कधी झालं नाही. भांडण होण्याइतकं बोलणंच नव्हतं. ते मुळात मोजकं बोलायचे, आणि जे बोलायचे तो टोमणा आहे की साधी चौकशी, हे मला लगेच कळायचं नाही. एकदा सकाळी मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बाबा, नळाला पाणी येऊन नाही राहिलं." त्यांनी पेपरमधून मान वर न करता विचारलं, "येऊन नाही राहिलं, येऊन गेलं, की येणारच नाही? एक काहीतरी ठरव, म्हणजे मला टाकी बघायला जाता येईल." मी दिवसभर ऑफिसात त्या वाक्यावर कुढत बसले. संध्याकाळी घरी आले तर नळाला धो धो पाणी. गच्चीवर जाऊन त्यांनी टाकीचा कॉक स्वतः दुरुस्त केला होता. त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

ते दाढी वस्तऱ्यानं करायचे. न्हाव्याकडे असायचा तसा, मुठीत मिटणारा लांब वस्तरा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातातली सुरी खाली ठेवून बघत राहिले होते. माझे वडील शाळामास्तर, ते साध्या ब्लेडनं दाढी करायचे आणि तरी रोज कुठेतरी कापून घेऊन कागदाचा कपटा चिकटवायचे. हे मात्र मागच्या गॅलरीत आरशासमोर उभे राहायचे, खिडकीच्या गजाला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा वर-खाली ओढायचे आणि मग इतक्या सावकाश दाढी करायचे की माझी ऑफिसची बस चुकेल की काय असं मलाच वाटायचं. त्या बसशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरीही.

दर दुसऱ्या रविवारी दगड निघायचा. तळहाताएवढा, लांबट. वरचा थर खव्याच्या रंगाचा, खालचा जांभळट, दोन्ही एकमेकांना घट्ट धरून असलेले. त्यावर चार थेंब पाणी टाकून ते वस्तरा सपाट ठेवायचे, पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, आणि पुढे सरकवायचे. टोकाला गेला की पाठीवर उलटा करायचा आणि परत आणायचा. जोर अजिबात नाही. थोड्या वेळानं पाणी दुधट व्हायचं. मग दगड धुऊन, पुसून, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कट्ट्यावर. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. पण ते कळत होतं.

एका शनिवारी ते वाचनालयात गेले असताना मी गॅलरी धुवायला काढली. कट्ट्यावरचं सगळं उचलताना साबणाच्या हातानं ते धोतराचं पुडकं धरलं आणि ते निसटलं. खाली फरशीवर टक् असा कोरडा आवाज झाला. उघडून पाहिलं तर तीन तुकडे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, हाताखाली दोन माणसं होती. तरी शाळेतल्या मुलीसारखी घाबरले. धावत जाऊन खालच्या दुकानातून चिकटवायची ट्यूब आणली, तुकडे जोडले, वर आलेला चिकटा ब्लेडनं खरवडला आणि दगड होता तसा गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवार. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. त्यांनी पुडकं उघडलं. मग पुन्हा बांधल्याचा आवाज, आणि पाठोपाठ नुसता पट्ट्याचा फटक फटक. दगड त्यांनी वापरलाच नाही.

असा आठवडा गेला. दाढी करताना ते मधेच थांबायला लागले. गाल लाल दिसायचा. मला जेवण जाईना. पुढच्या रविवारी चहा घेताना त्यांनी विचारलं, "फ्रॅक्चर जुळलं का गं?"

"कशाचं, बाबा?"

"दगडाचं. प्लास्टर तर तू घातलेलं दिसतंय."

मला रडूच फुटलं. ते एकदम गडबडून गेले. कपबशी बाजूला ठेवली, उठले, परत बसले. "अगं, रडतेस काय? दगड आहे तो. टूलरूममध्ये माझ्या हातून याच्या शंभरपट महागाच्या वस्तू मोडल्यात." मग म्हणाले, "फक्त चिकटवायला नको होता. आता सांध्यावर धार अडकते. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारायची भीती वाटली."

"माझी?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "मी तर काही बोलतसुद्धा नाही."

"तेच ना," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण दुसरा कप चहा मागितला. एरवी ते एकच घ्यायचे.

त्या दिवशी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, इथून नवीन घेऊन कुरिअर करतो. मी फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, दगड नको पाठवूस. तू ये." मी निरोप सांगितला.

पुढच्या शनिवारी बाबा म्हणाले, खडकीला जाऊन येऊ, ज्या न्हाव्याचा हा दगड होता त्याला दाखवू. माझ्या दुचाकीवर ते पहिल्यांदाच बसत होते. वारजे ते खडकी प्रत्येक सिग्नलला त्यांनी मागून सूचना दिल्या आणि उतरल्यावर म्हणाले, "बरी चालवतेस. नशीब बलवत्तर आहे, समोरच्यांचं."

खडकी बाजारातलं केशकर्तनालय आता त्या न्हाव्याचा पुतण्या चालवत होता. आत मोठे आरसे, फिरत्या खुर्च्या. म्हातारे न्हावी बाहेरच्या बाकावर ऊन खात बसले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. बाबांनी पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटं फिरवली, सांध्यावर आली तशी थांबली.

"साहेब, हा माझा दगड."

"होय."

"पडला?"

"पडला," बाबा म्हणाले. कुणाच्या हातून ते सांगितलं नाही.

मीच पुढे होऊन म्हटलं, "काका, माझ्याकडून पडला. चुकलं माझं."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. "सूनबाई का? मला माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिला होता हा. त्यांना पलटणीच्या कुठल्याशा न्हाव्यानं दिलेला. परदेशी आहे म्हणायचे." माझा चेहरा पडला असणार, पण तो त्यांना दिसत नव्हता. ते पुढे बोलत राहिले. "तुमच्या सासऱ्यांना सांगितलं होतं मी, ह्या वयात नका शिकू म्हणून. ऐकतात कुठं?"

मला कळेना. "कोणत्या वयात?"

"रिटायर झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. म्हणाले, वस्तरा शिकवा. मी म्हटलं, साहेब, आता? तर म्हणाले, आयुष्यभर कारखान्याच्या भोंग्याला घाबरून दाढी केली, आता सावकाश करायचीय. मीही तेव्हा वस्तरे बंदच करत होतो. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, नवीन ब्लेड आमच्यासमोर फोडा. रोगाची भीती होती, त्यांचं काही चुकलं नाही. मग वस्तरा, पट्टा, दगड, सगळं साहेबांना देऊन टाकलं. सहा महिने रोज यायचे. पहिले दोन महिने फुग्याला फेस लावून फुग्याची दाढी केली त्यांनी."

मी बाबांकडे पाहिलं. ते रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते. मला वाटलं होतं, वस्तरा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल, म्हणून ते इतके जपतात. आणि इथे अठ्ठावन्न वर्षांचा माणूस फुग्याची दाढी करत बसला होता. मला हसू आलं, ते आवरेना. बाबा म्हणाले, "चार फुगे फुटले फक्त."

"अकरा," न्हावी म्हणाले.

निघताना त्यांनी सांगितलं, असा दगड आता मिळायचा नाही, पण गार बघा. वैद्याचा खल ज्या दगडाचा असतो तो, अकीक. त्यांचे आजोबा शेवटचा हात त्यावरच मारायचे. फार सावकाश काम करतो, पण त्यानं आलेली धार गालाला कळतसुद्धा नाही. "आणि गारा शोधायला लांब जायला नको. तुमच्या वारज्यात सगळीकडे खणतायत ना? काळ्या कातळाच्या पोटात असतात."

खणत तर होतेच. आमच्या गॅलरीतून तेव्हा पाच इमारतींचे खड्डे मोजता यायचे. दिवसभर कातळ फोडणाऱ्या यंत्रांची धडधड, भांड्यांवर धूळ. त्या धुळीला मी रोज शिव्या देत होते. आता दर रविवारी सकाळी आम्ही कापडी पिशवी घेऊन त्या खड्ड्यांच्या कडेला जायला लागलो. बाहेर टाकलेल्या काळ्या दगडांच्या ढिगात बारीक पोकळ्या असायच्या, कुठे पांढरे स्फटिक, कुठे हिरवट चुरा. एका साइटवरच्या सुपरवायझरनं विचारलं, "आजोबा, फ्लॅट बघताय का? सॅम्पल फ्लॅट तयार आहे."

"फ्लॅट आहे," बाबा म्हणाले. "दगड नाहीये."



तिसऱ्या रविवारी मला सापडला. वरून खडबडीत, मोठ्या रताळ्याएवढा, एका बाजूनं यंत्राचा घाव बसून टवका उडालेला. त्या टवक्यातून आतला रंग दिसत होता, पातळ ताकासारखा, किंचित निळसर. बाबांनी तो उन्हात धरला, फिरवला, नखानं ठोकून कानाशी नेला. "तडा नाही," म्हणाले. आणि मग, "तुला कसा दिसला? मी इथूनच गेलो होतो."

"चुका शोधायचाच पगार मिळतो मला."

यावर ते मोकळे हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बारीक, खोकल्यासारखं.

तो कापायला आम्ही जवळच्या ग्रॅनाइटवाल्याकडे नेला. नव्या स्वयंपाकघरांचे ओटे कापून त्याला उसंत नव्हती. राजस्थानी कारागीर गार बघून म्हणाला, "अंकल, ये तो मेरा ब्लेड खा जाएगा." बाबांनी त्याला कापायची रीत समजावली. पाणी किती, दाब किती, कुठे थांबायचं. पाच मिनिटांत तो "अंकल"वरून "उस्ताद"वर आला. पाऊण तासानं आमच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक चीप होती. मी म्हटलं, चला, झालं. बाबा म्हणाले, "आता सुरुवात झाली."

ती चीप सपाट करायला आम्हाला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लागलं. जुन्या टीपॉयची जाड काच गॅलरीत मांडली, त्यावर ओला पॉलिश पेपर. दगडावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि घासायचं. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या म्हणजे दगड सपाट. कुठे राहिल्या तर तिथे खोलगट. शनिवारी-रविवारी सकाळी एकानं घासायचं, दुसऱ्यानं पाणी टाकायचं. हात कामात असले की बोलायला बरं पडतं. नजरेला नजर द्यावी लागत नाही. तिथेच त्यांनी सांगितलं की सासूबाईंना पुरणपोळी येत नव्हती आणि ते गुपित दोन्हीकडच्या नातेवाइकांपासून कसं राखलं होतं. मीही सांगितलं की पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने मी बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवून बघायची, कोणी हसू नये म्हणून. ते घासायचे थांबले. म्हणाले, "पाण्याबद्दल बोललो होतो मी तुला काहीतरी."

"आठवतंय तुम्हाला?"

"बोलल्यावर मलाच लागलं होतं. पण परत घ्यायची सवय नाही." आणि पुन्हा घासायला लागले.

रेघांमुळेच मला दुसरी गोष्ट कळली. मी घासलं की रेघा बऱ्यापैकी सारख्या जायच्या. त्यांनी घासलं की उजवीकडच्या पटकन पुसल्या जायच्या आणि डावीकडच्या तशाच राहायच्या. दरवेळी. मी काही बोलले नाही, फक्त त्यांच्या हाताकडे बघायला लागले. उजवा हात थरथरत होता. फार नाही, पण तो लपवायला ते दगड दाबून धरत होते. गालावरची लाली नुसत्या बोथट धारेची नव्हती तर.

एके दिवशी त्यांनीच रेघांकडे बोट दाखवलं. "दिसतंय ना तुला?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"डिसेंबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारायची भीती वाटली," मी म्हटलं, आणि या वेळी आम्ही दोघंही हसलो. मग मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं नाही, गोळी देतो, थोडा फरक पडेल. थोडाच पडला.

दगड तयार झाला तेव्हा तो ओल्या काचेसारखा दिसत होता. वस्तरा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "तू लाव धार."

"मी?"

"मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. तू अजून तरुण आहेस."

पहिल्या प्रयत्नाला त्यांनी दाढीचा एकच हात मारला आणि थांबले. "ही धार नाही, हा चिमटा आहे." दुसऱ्यांदा मी जोर दिला, तर वस्तरा पहिल्याहून बोथट झाला. ते शेजारी स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. "करकर येतेय, पाठ उचललीस." "आता मुठीकडची टाच एकटीच घासतेय." "दाबू नकोस. वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे, तुझं नको." मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसल्या-बसल्या टेबलावर पेन सपाट धरून पुढे-मागे सरकवायला लागले. शेजारची मैत्रीण म्हणाली, तुला सुट्टीची गरज आहे.

गार खरंच फार सावकाश काम करायची. जुन्या दगडासारखं पाणी दुधट होत नसे. दोन-दोनशे फेऱ्या झाल्या तरी जेमतेम राखाडी. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी हाताला काहीतरी वेगळं लागलं. पातं दगडाला चिकटल्यासारखं झालं, ओल्या काचेवर काच सरकावी तसं. बाबांनी डोळे उघडले. वस्तरा घेतला, पट्ट्यावर ओढला, फेस लावला. डावा हात उजव्या मनगटाला आधार देत होता. मी आत निघून आले, बघायचा धीर झाला नाही. बाहेर आले तेव्हा ते तोंड धूत होते. गाल साफ होता, लाली नव्हती. टॉवेलनं पुसत म्हणाले, "चालेल."

मला थोडं वाईट वाटलं. चार महिन्यांनंतर "चालेल"? पण दुपारी मी कपडे वाळत घालत असताना आत फोन वाजला. नवऱ्याचा होता. बाबा एरवी "ठीक आहे" म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे. त्या दिवशी ते बोलत राहिले. "गालाला कळलंच नाही रे, इतका हलका. नाही, मी नाही लावली, तिनं. हो, तिनंच. हात चांगला आहे तिचा. टूलरूमला घेतली असती मी तिला." मग थोडं थांबून, "हसतोस काय? तुला नसती घेतली." मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले.

नवरा मे महिन्यात परत आला. त्यानं पहिल्याच रविवारी हौसेनं धार लावून पाहिली. बाबांनी वस्तरा गालाला न लावताच माझ्याकडे दिला.

पुढची दोन वर्षं त्यांनी अशी दाढी केली, मी लावलेल्या धारेनं. कंप हळूहळू वाढत होता. एका सकाळी कानाच्या पाळीला कापलं, रक्त थांबायला वेळ लागला. त्यांनी वस्तरा धुतला, तेलाचं बोट फिरवलं, मिटला. मी म्हटलं, "बाबा, मी करून देऊ दाढी? मला जमेल."

"तुला जमेल," ते म्हणाले. "पण घर तुझ्या हातात दिलंच आहे. मान तेवढी माझ्याकडे राहू दे."

त्यानंतर ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला लागले. लातूरकडच्या एका पोरसवद्या माणसानं ते चालवायला घेतलं होतं. तिथून रोज नवी तक्रार घेऊन यायचे. फेस थंड, खुर्ची डगमगते, टीव्ही मोठ्यानं. पण एक दिवस तो माणूस आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आजोबांनी सांगितलंय, केस कापायच्या कात्र्यांना तुमच्याकडून धार लावून घ्यायची." मी बाबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, कात्रीला कधी लावलीये मी धार?"

"नाही लावलीस," त्यांनी पान उलटलं. "बस खाली. सांगतो."